मंगळवारचा कोरा फलक

'महायुद्धाची कारणे लिहा' हा दहा गुणांचा प्रश्न चारुशीला रायते हिने इतकी वर्षं तपासला होता, की त्याच्या उत्तराचा सांगाडा तिला झोपेतही म्हणता आला असता. आधी राजकीय कारणे, मग आर्थिक कारणे आणि शेवटी दोनदा अधोरेखित केलेलं तात्कालिक कारण. मुलांना हे शेवटचं फार आवडायचं, कारण त्यात गोष्ट असते. कुणीतरी गोळी झाडतो, कुणाची तरी मोटार भलत्याच रस्त्याला वळते. कर्जं, करार, खाणी आणि बाजारपेठा यांत गोष्ट नसते. ती कारणं मुलं पाठ करायची आणि परीक्षेच्या हॉलमध्येच ठेवून घरी जायची. चारुशीला दरवर्षी वर्गात बजावायची, "अरे बाबांनो, तात्कालिक कारणाला एक गुण आहे. बाकीचे नऊ वरच्या कारणांना आहेत." मुलं ऐकून घ्यायची आणि पुन्हा तेच करायची.

मग तिच्या डोळ्यांदेखत एक महायुद्ध होऊन गेलं. एका बाजूला सागर-संघ होता, दुसऱ्या बाजूला भूमी-संघ. दीड वर्षाच्या आसपास ते चाललं, आणि संपलं तेव्हा आपणच जिंकलो असं दोन्ही बाजूंनी जाहीर केलं. भारत कुठल्याच संघात नव्हता. पण समुद्र कुणाच्या बापाचा नसतो, त्यामुळे भारताची जहाजं बुडायची राहिली नाहीत. त्यातल्या एका मालवाहू जहाजावर चारुशीलाचा भाचा ओजस थर्ड ऑफिसर होता. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात ते जहाज गेलं. घरी फक्त कंपनीचा फोन आला.

तहात एक कलम मात्र अगदी नवं होतं. आजवर युद्धाचा दोष हरलेल्याच्या माथी मारायची रीत होती. या वेळी हरलेलाच सापडेना. तेव्हा असं ठरलं, की दोष कुणाचा हे यंत्राने मोजायचं आणि त्या प्रमाणात नुकसानभरपाई वाटून घ्यायची. त्यासाठी कारणनिश्चिती आयोग नेमला गेला. यंत्र पुण्यात तयार झालं होतं, आणि एकमेकांच्या देशात बसायला दोन्ही संघ तयार नव्हते, म्हणून आयोगही पुण्यात आला. त्यावर इतिहास जाणणारं एक माणूस हवं होतं. चारुशीलाने या युद्धाबद्दल आजवर एक ओळही छापलेली नव्हती, हीच तिची मोठी पात्रता ठरली.

यंत्राचं नाव 'निमित्त'. ते सांभाळणारा फरहान मुकादम मूळचा श्रीवर्धनचा. त्याच्या घरचे तीन पिढ्या जहाजांवर होते. हा एकटाच गणितात शिरून जमिनीवर राहिला. त्याने पहिल्या दिवशी चारुशीलाला चहा पाजता पाजता यंत्र समजावून सांगितलं.

युद्धाआधीच्या पाच वर्षांची नोंद जवळजवळ पूर्ण उपलब्ध होती. कुठलं जहाज कुठल्या क्षणी कुठे होतं, कुठल्या बँकेने कुणाला कर्ज दिलं, कुठल्या बाजारात काय भाव फुटला, कुठल्या मंत्र्याने कुठल्या मंत्र्याला फोन केला आणि कुणी उचलला नाही. या नोंदींतून 'निमित्त' जगाची एक प्रत उभी करत असे आणि ती प्रत पुढे पळवत असे. प्रत्येक वेळी बारीकसारीक गोष्टी थोड्या वेगळ्या घडत. कुठे वादळ एक दिवस उशिरा येई, कुठे एखादा मंत्री आजारी पडे. अशी दहा हजार जगं पळवली, तर जवळपास सगळ्यांत युद्ध होत असे. मग आधीच्या पाच वर्षांतली एक घटना उचलून बाजूला ठेवायची आणि पुन्हा दहा हजार जगं पळवायची. युद्ध जितक्या जगांतून नाहीसं होईल, तितका त्या घटनेचा वाटा.

"सोपं आहे की," चारुशीला म्हणाली.

"सोपं आहे म्हणूनच भीती वाटते, मॅडम," फरहान म्हणाला.

तिने जीव ओतून कारणांची यादी दिली. दोन्ही संघांचे गुप्त करार, बॅटरीच्या खनिजासाठी गहाण पडलेल्या खाणी, शस्त्रांचे ते कारखाने, ज्यांची कर्जं फेडायची तर कुणीतरी शस्त्रं वापरायलाच हवी होती, आणि निवडणुकीच्या तोंडावर सीमेवर जाऊन फोटो काढणारे पंतप्रधान. 'निमित्त'ने एकेक कारण काढून पाहिलं. प्रत्येक वेळी युद्ध झालंच. तिच्या आयुष्यभराच्या नऊ गुणांना यंत्राने भोपळा दिला होता.

"असं कसं होईल?" ती चिडून म्हणाली. "म्हणजे या सगळ्यांचा काहीच संबंध नाही?"

फरहान म्हणाला, "मॅडम, समजा, गवताची एक गंजी आहे. पाच जणांनी पाच बाजूंनी ती पेटवली. आता यातला एक काढा. गंजी जळते. त्याला परत ठेवा, दुसरा काढा. तरी जळते. कुणालाही काढलं तरी फरक पडत नाही, म्हणून यंत्राच्या हिशेबात पाचही जण निर्दोष."

"ही काय मोजायची रीत झाली? ही तर शुद्ध वकिली आहे."

"रीत तहातच लिहिलीय. दोन्ही संघांच्या गणितज्ञांनी मिळून लिहिली. त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं."

"मग पाचही जणांना एकदम काढा ना."

"काढून पाहिलं. जग चालतच नाही. पहिल्याच आठवड्यात बंद पडतं. ते उभंच आहे त्या कर्जांवर आणि त्या कारखान्यांवर."

मोठी कारणं अशी निकालात निघाली, तेव्हा यंत्राला मोकळं सोडण्यात आलं. त्याने आपल्या मनाने हव्या त्या लहानसहान घटना काढून पाहाव्यात, असं ठरलं. काही महिने त्याच्या हाती काही लागलं नाही. मग एका सकाळी फरहानने चारुशीलाला बोलावून घेतलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. एका घटनेचा वाटा शेकड्यात एक्क्याण्णव निघाला होता. ती घटना काढली, की युद्ध जवळजवळ होतच नव्हतं.

पडद्यावर लिहिलं होतं: भारत, नाशिक जिल्हा, सोनवड आणि शेजारच्या बाजार समित्या. मंगळवार. कांदा. आवक शून्य.

चारुशीलाने कपाळाला हात लावला. सोनवड तिचं माहेर होतं. बाजार समितीचा त्या वेळचा सभापती म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, संजीव रायते. आणि तो मंगळवार तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी ती स्वतः सोनवडच्या मार्केटमध्ये पहिल्या रांगेत बसली होती.

आदल्या आठवड्यात नाना गेले होते. नाना म्हणजे तिचे वडील. कांद्याचे जुने व्यापारी आणि कितीतरी वर्षं समितीचे सभापती. ते शुक्रवारी रात्री गेले. शनिवारी श्रद्धांजली म्हणून लिलाव झाले नाहीत. रविवारी सुट्टी. सोमवारी अमावस्या, आणि अमावस्येला सोनवडला कांद्याचा लिलाव होत नाही. इथवर काही वेगळं नव्हतं. शोकसभा तशी शनिवारीच उरकता आली असती. पण संजीवच्या मुलाचं, ओजसचं, जहाज तेव्हा नेमकं न्हावाशेवा बंदरात येत होतं, त्याला मंगळवारी घरी पोचता येणार होतं, आणि आजोबांचा त्याच्यावर विशेष जीव. "ओजस आल्याशिवाय सभा नाही," संजीव म्हणाला. सभा मंगळवारी ठेवली. नानांच्या शब्दाला जिल्ह्यात मान होता, म्हणून आजूबाजूच्या सगळ्या समित्यांनीही मंगळवारी लिलाव ठेवले नाहीत. ओजस आला, आजोबांबद्दल चार वाक्यं बोलला आणि मध्येच रडायला लागला.

आता राहिला मार्केटमधला आवक आणि भाव लिहायचा फलक. मराठी दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. गेलेल्या माणसाच्या नावाने बाजार थांबला असेल, तर सोनवडला फलकावर 'बंद' असा शब्द लिहायचाच नाही, फलक कोरा ठेवायचा, ही तिथली जुनी रीत. पूर्वी कोरा फलक पाहून शेतकरी ट्रॉली वळवून घरी जायचे. आता त्या फलकासमोर कॅमेरा होता. तो दर तासाला फलक वाचून आवक आणि भाव साऱ्या जगाला कळवायचा. अमावस्या आणि रविवार त्याला ठाऊक होते. कोऱ्या फलकाचा अर्थ त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याने कळवलं, आवक शून्य.

कांदा आयात करणाऱ्या देशांनी तोवर धान्यखरेदीही यंत्रांवरच सोपवली होती. त्या यंत्रांनी जुन्या नोंदींवरून एक धडा घेतला होता. भारतात आधी कांदा अडतो, मग पाठोपाठ तांदूळ आणि साखर अडते. चौथ्या दिवशीही, आणि तेही सगळ्या जिल्ह्यात, शून्य पाहून एका यंत्राला वाटलं, भारताने गुपचूप निर्यात थांबवली. त्याने तांदूळ उचलायला सुरुवात केली. त्याला तांदूळ उचलताना पाहून दुसऱ्याने उचलला, दुसऱ्याला पाहून तिसऱ्याने. आठवडाभरात जगाच्या बाजारात तांदूळ मिळेनासा झाला आणि गव्हाचे भावही भडकले. रिकाम्या गोदामांपुढे माणसं जमायला लागली, तशी सरकारं घाबरली. धान्याची जहाजं मग युद्धनौकांच्या पहाऱ्यात निघाली. एका अरुंद सामुद्रधुनीत दोन्ही संघांचे ताफे समोरासमोर आले, आणि आधी वाट कुणी द्यायची यावर घोडं अडलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

अहवाल वर गेला. आपण संजीव रायतेंची बहीण आहोत, हे चारुशीलाने त्याच दिवशी लेखी कळवलं. तिला वाटलं होतं, आपल्याला आयोगावरून काढतील. घडलं उलटंच. दोन्ही संघांचे प्रतिनिधी त्या रात्री पहिल्यांदाच एका टेबलावर जेवले. कांदा! मंत्री नाही, सेनापती नाही, बँक नाही, कारखाना नाही. ज्या घटनेमागे कुठलंच सरकार नाही, तिची भरपाईही कुणी द्यायची नाही, असं तहातच म्हटलं होतं. दोघांनीही समाधानाने हात वर केले. भारत सरकारलाही पडद्याआडून काही कबूल करण्यात आलं असावं, कारण दिल्लीहून सहसचिव पद्मनाभन तातडीने पुण्यात येऊन दाखल झाले.

"श्री. रायते यांना काहीही शिक्षा नाही," ते चारुशीलाला म्हणाले. मराठी त्यांना अर्धंमुर्धं समजायचं, बोलायचे ते इंग्रजीतच. "फक्त एक मान्यतापत्र. सभा मंगळवारी ठेवली आणि फलक कोरा ठेवायला सांगितला, एवढं त्यांनी मान्य करायचं. निष्कर्ष पक्का होतो आणि जगातलं एक भांडण मिटतं."

"आणि त्याने सही केली नाही तर?"

"मग घटना वादग्रस्त ठरते. मोजायची रीत पुन्हा ठरवावी लागेल. सगळं मुळापासून." ते हसले. "तसं कुणालाच नको आहे. खरं ना?"

म्हणजे इथून पुढे दहा गुणांच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होणार होतं, आणि तो शब्द म्हणजे तिचा भाऊ. चारुशीला दुसऱ्याच दिवशी सोनवडला गेली.

संजीव आपल्या खळ्यावर होता. खळं म्हणजे व्यापाऱ्याची कांदा निवडायची मोठी जागा. ओजस गेल्यापासून त्याने सभापतिपद सोडलं होतं. दिवसभर तो तिथे बसायचा आणि कामाला हात लावायचा नाही. पद्मनाभन यांची माणसं तिच्या आधीच येऊन त्याला सगळं सांगून गेली होती. वहिनींनी चहा आणला, कप ठेवला आणि आत गेल्या.

"सही करणारे मी," संजीव म्हणाला.

"दादा, अरे, हे काय बोलतोस? तू बापाची शोकसभा घेतलीस. युद्ध नाही लावलंस."

"यंत्र म्हणतंय ना लावलं म्हणून. मग लावलं."

"त्या यंत्राला मोजायचंच मोठ्यांना सोडून शिकवलंय. मी रोज बघते ना ते."

"तुला नाही कळायचं, चारू." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "पोरगं गेलं तेव्हापासून रोज पडल्या पडल्या विचार करतो, कशापायी गेलं? कुणाचं काय बिघडवलं होतं त्याने? टीव्हीवर एक सांगतो खनिज, दुसरा सांगतो करार. मला त्यातलं काय कळतंय? आता निदान कळलं. कुणाचं तरी चुकलं, आणि ते माझं चुकलं. कुणाचंच चुकलं नाही असं ऐकत बसण्यापेक्षा हे लय बरं."

चारुशीलाला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. राग त्याच्यावर नव्हता. पुण्यात एका टेबलावर बसून जेवणाऱ्या त्या दोघांवर होता. त्यांनी जगभर शोधून नेमका असा माणूस गाठला होता, ज्याला दोष हवाच होता.

"सही कधी आहे?"

"येत्या गुरुवारी. इथेच येणारेत सगळे."

पुण्यात परतल्यावर ती थेट फरहानकडे गेली. वाटेत तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. "तो मंगळवार काढला की युद्ध होत नाही म्हणतोस. कधीपर्यंत होत नाही?"

फरहान म्हणाला, "तहाप्रमाणे यंत्र युद्ध सुरू झालं त्या तारखेपुढे एकच वर्ष पळवायचं. त्यापुढे परवानगी नाही."

"एक वर्षच का?"

"दोन्ही संघांच्या गणितज्ञांनी..."

"मिळून लिहिलं. कळलं. तू पुढे पळवून बघितलंयस?"

त्याने दार लावून घेतलं. "बघितलंय. मंगळवारचा लिलाव झाला, फलकावर भाव लागला, तांदूळ कुणी उचलला नाही. सहा वर्षांपर्यंत पळवलं, मॅडम. शंभरातल्या सत्त्याण्णव जगांत युद्ध होतंच. बहुतेक वेळा अडीच-तीन वर्षं उशिरा. एकदा समुद्राखालची केबल तुटते, एकदा एक खाण लिलावात निघते, एकदा तर फुटबॉलच्या सामन्यावरून. ठिणगी दर वेळी वेगळी. गंजी तीच."

चारुशीलाने डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं वर्गात बोंबलून जे सांगितलं, ते कुणीतरी पहिल्यांदा सिद्ध करून दिलं होतं. क्षणभर तिला केवळ आनंद झाला. तो आनंद फरहानला दिसला असावा.

"मॅडम, हे भावाला सांगणार?"

"सांगायलाच हवं. हे ऐकल्यावर तो कशाला सही करेल?"

"तुम्ही मागे म्हणाला होतात, भाचा जहाज सोडणार होता. दिवाळीनंतर उतरून खळं सांभाळणार होता."

चारुशीला उठली होती, ती पुन्हा बसली.

फरहानने आवाज आणखी खाली आणला. "युद्ध अडीच वर्षांनी झालं असतं, तर तो समुद्रावर नसता. जगाचा दोष भावाच्या डोक्यावरून उतरतो, मॅडम, पण हे त्याच्या पदरात पडतं. माझा चुलतभाऊ गेला तेव्हा चाचांना असंच कुणीतरी काहीतरी समजावून सांगायला गेलं होतं. पुढे चाचा कुणाशी बोललेच नाहीत." त्याने पडदा बंद केला. "विचारलंच, तर सांगा, यंत्राला एकेक माणूस दिसत नाही. ते खोटंही नाही. खरंच दिसत नाही."

ती रात्र आणि पुढचे दिवस चारुशीलाने तेच एक वाक्य मनात घोळवलं. यंत्राला एकेक माणूस दिसत नाही. किती सोयीचं वाक्य होतं. तिने न सांगता गप्प बसायचं म्हटलं, तर दादा सही करणार, जगाचा गुन्हेगार होणार आणि त्यातच त्याला एक विचित्र समाधान मिळणार. जगातले खरे गुन्हेगार मात्र टेबलावरून तृप्त होऊन उठणार, आणि पुढच्या गंजीच्या तयारीला लागणार. सांगायचं म्हटलं, तर भाऊ त्या पापातून सुटणार आणि दुसऱ्या एका पापात अडकणार, ज्याची भरपाई कुठल्याच तहात लिहिलेली नव्हती. आजवर तिने मुलांना कारणं सांगितली होती, पण ती नेहमी मेलेल्या माणसांबद्दल होती. ज्याच्याशी लहानपणी भांडून ती एका ताटात जेवली होती, त्याला कारण सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

गुरुवारी खळ्यासमोर गाड्या उभ्या राहिल्या. पद्मनाभन आले, दोन्ही संघांचे प्रतिनिधी आले, कॅमेरे आले. मध्ये एक टेबल आणि त्यावर मान्यतापत्र. संजीवने कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. वहिनी दारात उभ्या होत्या.

"दोन मिनिटं," चारुशीला पद्मनाभन यांना म्हणाली आणि भावाला घेऊन खळ्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथे कांद्याच्या गोण्यांची रास होती. ती एका दमात बोलली. यंत्र एका वर्षावरच का थांबवलं ते सांगितलं, सहा वर्षं पळवल्यावर काय दिसलं ते सांगितलं. "तुझ्या मंगळवारने युद्ध लावलं नाही, दादा. तू सभा शनिवारी घेतली असतीस, तरी ते झालंच असतं. या लोकांनी सगळी तयारी करून ठेवली होती. त्यांना फक्त काहीतरी निमित्त हवं होतं, आणि आपल्या नानांचं मिळालं. त्यांच्या कागदावर तू सही करू नकोस."

संजीवने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो व्यापारी होता. समोरच्याने काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही, हे त्याला आधी कळायचं.

"झालं असतं म्हणतेस. कधी झालं असतं?"

"अडीच-तीन वर्षांनी."

तो एका गोणीवर हात टेकवून उभा राहिला.

"मग ओजस?"

फरहानने दिलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलं. ते खोटंही नव्हतं. तिने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिला कळलं, की उत्तर त्याच्याजवळ आहेच. तो फक्त विचारतो आहे, की ही तरी मला खरं सांगते का.

"घरी असता, दादा," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

संजीव रडला नाही. तो गोणीवर बसला. खाली मान घालून एका कांद्याचं सुटलेलं टरफल बोटांनी काढत राहिला. पुढे कुणीतरी खाकरलं, कॅमेऱ्याची माणसं चुळबुळ करायला लागली. मग तो उठला, शर्ट नीट केला आणि टेबलाकडे चालत गेला. चारुशीला डोळे पुसत मागोमाग गेली. तो आता काय करणार, हे तिला अजिबात सांगता आलं नसतं.

पद्मनाभन यांनी पेन पुढे केलं. संजीवने ते घेतलं नाही.

"साहेब, मी सही करत नाही," तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. "लढाई तुमची होती. तुम्ही मांडली, तुम्ही केली, आता तुमची तुम्ही पदरात घ्या. वाटून घ्या नाहीतर पुन्हा भांडा. माझ्या पोराचं माझ्याकडे आलंय. तेवढं मला जन्माला पुरे आहे."

तो वळला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोला ओलांडून आत गेला. वहिनी एकदा टेबलाकडे बघून त्याच्या मागे गेल्या.

प्रतिनिधींनी एकमेकांकडे पाहिलं. पद्मनाभन चारुशीलाकडे वळले आणि श्री. रायते नेमकं काय म्हणाले, ते त्यांनी तिला विचारलं.

चारुशीलाने सांगितलं. सही होणार नाही, घटना वादग्रस्त आहे, मोजायची रीत पुन्हा ठरवावी लागेल, आणि या वेळी एका वर्षावर थांबता येणार नाही, असं तिने एकेक शब्द सुटा करून इंग्रजीत सांगितलं. प्रतिनिधींपैकी एकाने ते टिपून घेतलं.

"शेवटी आणखी काही म्हणाले ते," पद्मनाभन म्हणाले. "मुलाबद्दल काहीतरी होतं."

"ते तुमच्यासाठी नव्हतं," ती म्हणाली आणि घरात गेली.